बेल्ट ओरडतोय, पण कधी?

जून लागला की आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत सकाळी गाड्या रडायला लागतात. शाळेच्या रिक्षा गेल्या की एकेक जण पार्किंगमधून गाडी काढतो आणि चींऽऽ असा लांबलचक आवाज कंपाउंडच्या भिंतीवर आपटून वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येतो. मालक लोक कुणाकडं न बघता गाडी गेटबाहेर काढतात. दोन मिनिटांत आवाज थांबतो आणि विषय दुसऱ्या सकाळपर्यंत मिटतो.

मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. मेकॅनिक नाही. पण माहेर तासगाव तालुक्यातलं आणि घरची पिठाची गिरणी, त्यामुळं पट्ट्याचा आवाज कानाला लहानपणापासून सवयीचा. हे अपार्टमेंटमध्ये कसं पसरलं कुणास ठाऊक, पण "वहिनी, जरा बघता का, कसला आवाज येतोय" हे आता मला जिन्यात, लिफ्टमध्ये आणि हळदीकुंकवालाही ऐकावं लागतं. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

आमच्या गिरणीत एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला दगड आणि मधे लांब चपटा पट्टा होता. कुणी ओलसर ज्वारी आणली, किंवा घाईघाईत वरून जास्त धान्य सोडलं, की पट्टा किंचाळायचा. अण्णा काट्याजवळ बसल्या जागेवरून ओरडायचे, "धान्य कमी सोड!" पट्ट्याकडं ते बघायचेही नाहीत. दगडावर भार आला की मोटरची पुली पळते, दगडाची तेवढी पळत नाही आणि मधल्या मधे पट्टा घसरतो. घसरतानाही तो सलग घसरत नाही. धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, पुन्हा सुटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्या थरथरीचा आवाज आपल्याला चीं असा ऐकू येतो. भार कमी झाला की पट्टा आपोआप गप्प.

गाडीत वेगळं काही नाही. इंजिनाच्या मुख्य पुलीवरून पट्टा निघतो आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटर फिरवतो, ज्याला गॅरेजात अजून डायनॅमोच म्हणतात. बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. एसीचा कॉम्प्रेसर आला, जुन्या जीपगाड्यांत तेलाच्या पॉवर स्टिअरिंगचा पंप आला. यातल्या कुणीतरी जड ओढ लावली की पट्टा ओरडतो. म्हणून माझ्याकडं गाडी आणणाऱ्याला मी आवाज कुठून येतो हे विचारत नाही. बॉनेट उघडल्यावर तो सगळीकडूनच येतो. कधी येतो, एवढंच विचारते.

एसीचं बटण दाबल्याबरोबर चीं झालं तर कॉम्प्रेसरच्या बाजूला बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, म्हणजे अवघड जागेत गाडी लावताना होत असेल, आणि स्टिअरिंग तेलाचं असेल, तर त्या पंपाचा पट्टा. आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं स्टिअरिंग विजेवर चालतं, तिथं हा प्रश्नच नाही. नुसती गाडी चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटं येऊन थांबत असेल, आणि पावसाळी सकाळी जास्त, तर संशय अल्टरनेटरवर. इंजिनाचा वेग वाढवल्यावर आवाजही वाढत चढत जात असेल आणि तो किंचाळण्यापेक्षा गुरगुरण्याच्या जवळचा असेल, तर ते कुठल्या तरी पुलीचं बेअरिंग (पुली ज्या छऱ्यांवर फिरते ते) आहे. नवा पट्टा टाकून ते जाणार नाही.

आता तळमजल्यावरच्या काकूंची गोष्ट. काकू निवृत्त शिक्षिका, जुनी वॅगनार स्वतः चालवतात. "अगं, दोनदा बेल्ट बदलला मेल्यानं, तरी रडतेच आहे," म्हणून माझ्याकडं आल्या. मी विचारलं, "कधी रडते?"

"सकाळी."

"रोज?"

"पाऊस असला की जास्त."

"एसी लावला की?"

"मी एसी लावतच नाही गं, पाय धरतात."

"रात्री लाइट लावून निघालात तर?"

काकू जरा थांबल्या. "हो की! परवा लग्नाहून येताना लाइट, वायपर, पंखा सगळं चालू होतं. सिग्नलला उभी होते तेव्हा ओरडली. मला वाटलं मागच्याची गाडी."

इथंच निम्मं काम झालं. सकाळी पहिल्यांदा, आणि रात्री सगळी विजेची उपकरणं चालू असताना सिग्नलला, म्हणजे इंजिन मंद असताना. दोन्ही वेळी अल्टरनेटरवर भार जास्त. त्याची पुली सगळ्यांत लहान असते, तिच्याभोवती पट्ट्याला धरायला जागा कमी मिळते, त्यामुळं घसरायची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

बॉनेट उघडलं. पट्टा खरंच नवा होता, पाठीवरची छापील अक्षरं अजून वाचता येत होती. इंजिन बंद ठेवून दोन पुल्यांमधल्या सगळ्यांत लांब भागावर अंगठ्यानं जोर देऊन दाबला. अशा पट्ट्यानं साधारण आठ-दहा मिलिमीटर आत जावं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. काकूंचा किंचित जास्त जात होता, पण ढिला म्हणावा असा नाही.

मग मी वरून इस्त्रीचा फवारा आणला. सगळ्यांना मी आधी हीच चाचणी करायला सांगते, कारण खर्च शून्य. गाडी चालू ठेवायची, आवाज येत असताना पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर साध्या पाण्याचे दोन फवारे मारायचे आणि ऐकायचं. आवाज तिथल्या तिथं वाढला, तर पट्टा घसरतोय. एकतर ताण कमी आहे, नाहीतर भार जास्त आहे. आवाज काही सेकंद पूर्ण बंद होऊन पुन्हा परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत आणि पट्टा खाचेच्या कडेला घासतोय. काहीच फरक पडला नाही, तर पट्टा सोडून बेअरिंगांकडं वळायचं.

मी फवारा मारला आणि गाडी अशी किंचाळली की काकू दोन पावलं मागं सरकल्या.

पट्टा घसरत होता हे नक्की. मग नवा पट्टा का घसरावा? व्होल्ट मोजायचा लॅबमधला मल्टिमीटर माझ्या पर्समध्ये असतोच (यावर घरात विनोद होतात, होऊ देत). रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर दुसऱ्या दिवशी सकाळी तो लावला. 12.1 व्होल्ट. भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. गाडी चालू केल्यावर 14.3, म्हणजे अल्टरनेटर बिचारा व्यवस्थित काम करत होता. काकूंची गाडी जाते कुठं, तर भाजीला आणि संकष्टीला गणपतीच्या देवळात. स्टार्टर एका दमात बॅटरीतून जे ओढून घेतो ते भरून निघण्याएवढी गाडी चालतच नाही. त्यात बॅटरी पाच वर्षांची. सकाळी गाडी चालू झाली की ही अर्धपोटी बॅटरी अल्टरनेटरकडं सगळं एकदम मागते, तो जड होतो, पट्टा रात्रीच्या दमटपणानं ओलसर असतो आणि मग चींऽऽ. दोन मिनिटांत पट्टा तापून कोरडा होतो, बॅटरीची पहिली भूक भागते आणि आवाज बंद.

दुकानात बॅटरीवर भार देऊन तपासली, गेलेलीच होती. बॅटरी बदलली आणि पट्ट्याचा ताण जरा नीट करून घेतला. गाडी गप्प झाली. आधीच्या दोन पट्ट्यांपैकी एक पूर्ण चांगला होता, तो काकूंनी माळ्यावर ठेवलाय.

यात गॅरेजवाल्याला सगळा दोष देऊन मोकळं होता येत नाही. ही गाडी त्याच्याकडं अकरा वाजता जायची, तोवर गरम होऊन शांत झालेली असायची. त्यानं आवाज कधी ऐकलाच नाही. "आवाज येतो" एवढंच ऐकून तो पट्टा बदलणार, दुसरं काय करणार? त्यामुळं एकतर सकाळी फोनवर आवाज रेकॉर्ड करून न्या, नाहीतर गाडी रात्रीच गॅरेजात लावून या आणि पहिल्यांदा चालू करताना तिथं हजर राहा. मला मात्र हे सांगायला गेल्यावर "मॅडम, साहेबांना पाठवून द्या ना" असं उत्तर मिळालेलं आहे. साहेबांना बॉनेटची कळ कुठं असते ते मी लग्नानंतर दाखवलं.

गॅरेजातली एक गोष्ट मात्र मला पटत नाही, ती म्हणजे "टाइट करून देतो". पट्टा घट्ट ताणला की आवाज थांबतो, गिऱ्हाईक खूष. पण तो जादा ताण चोवीस तास अल्टरनेटरच्या आणि पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर पडतो. काही महिन्यांनी पंप गळायला लागतो आणि ते बिल वेगळं येतं. साध्या व्ही आकाराच्या नव्या पट्ट्याला एकदा पुन्हा ताणावं लागतं हे खरं, कारण थोडं चालल्यावर तो बसतो आणि सैल होतो. ते काम बहुतेक जण करतच नाहीत. आणि ज्या गाडीत स्प्रिंगचा आपोआप ताणणारा टेन्शनर आहे तिथं टाइट करण्यासारखं काही नसतंच. तिथं पट्टा सैल वाटला तर बहुधा टेन्शनरच थकलाय.

साबणाचंही तेच. चालत्या पट्ट्यावर कपड्याच्या साबणाची वडी टेकवायची आणि "बघा, गेला आवाज" म्हणायचं हा प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय. आवाज जातो, कारण पट्टा आता निवांत घसरतो, न अडखळता. घसरणं वाढलं, बॅटरी कमी भरायला लागली, फक्त कळायचा मार्ग बंद झाला. बाटलीतला बेल्ट स्प्रे उलट चिकट असतो. आमचे अण्णा डब्यात राळेचा खडा ठेवायचे आणि गिरणीच्या पट्ट्याला घासायचे, ते बरोबर होतं. तो चामड्या-कापडाचा चपटा पट्टा, त्याला पकड हवी असते. गाडीचा खाचांचा रबरी पट्टा त्यासाठी बनलेलाच नाही. चिकट झाला की तो धूळ धरतो. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर पट्ट्याच्या खाचा चक्क पिवळ्या. स्प्रे कुणी मारला होता ते विचारायची गरजच पडली नाही. आणि गंज सोडवायचं तेल तर पट्ट्यावर कधीच मारू नका, रबर फुगतं आणि मऊ पडतं.

दुसऱ्या जातीचा आवाज चीं नसून चिक-चिक-चिक असा तुटक असतो. हा मला माझ्या दिरांच्या गाडीत भेटला. त्यांचं घर गावभागात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आलं तेव्हा गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात उभी होती. नंतर ती धुतली, तेलं बदलली, सीट उन्हात वाळवल्या, विम्याचे कागद झाले, गाडी चालू झाली आणि सगळे विसरले. थंडी पडल्यावर चिक-चिक सुरू झालं. मंद इंजिनावर स्पष्ट, वेग वाढवला की आवाज जवळजवळ येत जायचे आणि शेवटी इंजिनाच्या आवाजात बुडून जायचे.

फवारा मारला तर आवाज बंद. सात-आठ सेकंद शांतता, आणि पुन्हा चिक-चिक. म्हणजे कुठली तरी पुली वाकडी.

पट्टा काढून गाडी अर्धं मिनिट चालू केली. ही चाचणीही चांगली आहे, पण अर्ध्या मिनिटाच्या वर नाही, कारण पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तो थांबलेला असतो. आवाज पूर्ण गेला, म्हणजे दोष पट्ट्याच्याच वाटेवर. इंजिन बंद करून एकेक पुली हातानं फिरवली. अल्टरनेटरची गुळगुळीत. पंपाची थोडी जड, पण सारखी. टेन्शनरची पुली फिरवली आणि बोटांना खरखर लागली, कान लावायची गरजच नव्हती. दोन्ही बाजूंनी धरून हलवली तर डुगडुगत होती. ती काढून आणली, बेअरिंगचं झाकण नखानं उचकटलं, तर आत ग्रीसऐवजी चॉकलेटी चिकट राड आणि तिच्यात बारीक रेती. पुराचा गाळ. पाणी ओसरून महिने झाले तरी तो आत दळतच होता. बेअरिंग झिजलं, पुली कलली, पट्टा तिच्यावर तिरका चढायला लागला आणि एका बाजूच्या खाचा खाल्ल्या गेल्या. मुख्य पुलीच्या खाचांत गंज होता, तो तारेच्या ब्रशनं साफ केला, पुली आणि पट्टा दोन्ही नवे टाकले. सांगली-मिरजेत पुरात उभी राहिलेली गाडी सेकंडहँड घेणार असाल तर सीटचा वास घेण्याआधी या पुल्या फिरवून बघा.

पट्टा बघून चांगला की वाईट हे ओळखायची पद्धतही आता बदललीय. पूर्वीचे पट्टे म्हातारे झाले की त्यांना आडव्या भेगा पडायच्या. त्या दिसल्या की बदलायचा. अलीकडच्या गाड्यांतले पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात, त्यांना सहसा भेगा पडतच नाहीत. ते टायरसारखे झिजतात. खाच खोल होत जाते आणि पट्ट्याचा दात पुलीच्या तळाला टेकतो, मग कडांची पकड जाते. वरून पट्टा काळाभोर, छान दिसतो आणि ओरडतो. नव्या पट्ट्याशेजारी धरून बघितलं की फरक कळतो. कडा चकाकत असतील तर तोही घसरून भाजलाय असं समजा.

पट्ट्यावर ओल दिसली तर ती पुसून तिचा रंग बघा. हिरवट किंवा गुलाबी म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी), बहुधा पाण्याचा पंप गळतोय. त्याच्याखाली सुकलेला पांढरट थर सापडतो. काळपट, तेलकट असेल तर वरच्या कुठल्या तरी सीलमधून इंजिन ऑइल येतंय. गळती न थांबवता पट्टा बदलला तर नवाही तसाच भिजून ओरडणार.

बेअरिंग कुठलं ते शोधायला मी बागेच्या पाइपचा हातभर तुकडा वापरते. एक टोक कानाशी, दुसरं अल्टरनेटरच्या, पंपाच्या, टेन्शनरच्या न फिरणाऱ्या अंगाजवळ. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावूनही ऐकतात, पण चालत्या पट्ट्याजवळ लोखंडी वस्तू धरलेली मला आवडत नाही. गिरणीत अण्णांनी पट्ट्यापुढं लाकडी कठडा घातला होता आणि कुणी बाई पदर सोडून आत आली तर त्या एरवी शांत माणसाचा आवाज चढायचा. बॉनेटखाली वाकताना ओढणी, वेणी, गळ्यातलं, सैल बाही, सगळं आधी आवरा. फवारासुद्धा लांबूनच मारा.

आवाज सहन करत चालवत राहिलात तर कधीतरी पट्टा तुटेल. तो बहुधा खंबाटकीच्या चढालाच तुटेल, कारण इंजिन तिथंच जड चालतं आणि एसीही चालू असतो. लाल बॅटरीचा दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा चढायला लागला तर "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" करू नका, कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. पाण्याचा पंप थांबलेलं इंजिन थोड्याच वेळात हेड, म्हणजे वरचा भाग, वाकवून बसतं. फक्त बॅटरीचा दिवा लागला आणि काटा जागेवर असेल, तर पंप दुसऱ्या पट्ट्यावर असू शकतो. तेव्हा एसी, पंखा, गाणी बंद करून जवळचं गॅरेज गाठता येतं.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, तो वेगळा. तो झाकणाआड असतो, दातेरी असतो, त्यामुळं असा घसरून ओरडत नाही. झाकणाच्या आतून घरघर किंवा खरखर आली तर त्याच्या पुलीचं किंवा पंपाचं बेअरिंग बोलतंय. काही इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणजे अर्धं इंजिन उघडायचं. आवाजाची वाट न बघता पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरला तो बदलायचा. गाडी काकूंसारखी कमी चालत असेल तर पुस्तकात दिलेली वर्षं मोजायची, कारण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. बदलताना त्याचा टेन्शनर आणि त्याच्यावर चालणारा पंप असेल तर तोही सोबत बदलून घ्या, उघडण्याची मजुरी एकदाच पडते. आणि हे काम घरी पार्किंगमध्ये करायचं नाही. मीही करत नाही.